पान १९ आणि २४ सागरी मैल

प्रश्न : रत्नागिरी तालुक्यातील एका मच्छीमार सहकारी संस्थेचे सचिव विचारतात : "संस्थेने नौकांसाठी घेतलेल्या मोबाइलवरच्या सॉफ्टवेअरमध्ये आम्ही मासेमारीची ठिकाणे भरली, तर ती भलतीकडेच दिसू लागली. दोन नौका चुकीच्या जागी जाऊन रिकाम्या परतल्या. रागाच्या भरात मी तालुक्यातील सर्व संस्थांना आणि एका स्थानिक साप्ताहिकाला 'हे सॉफ्टवेअर फसवे आहे, कोणी घेऊ नये' असे लिहून कळवले. दोन दिवसांनी बनवणाऱ्यांनी माहितीपुस्तिकेचे १९ वे पान पुढे ठेवले. अक्षांश-रेखांश कसे भरायचे ते तिथे दिलेले होते. आता सभासद मलाच बोल लावत आहेत. पण १४० पानांची इंग्रजी पुस्तिका वाचल्याशिवाय ग्राहकाने तोंडच उघडायचे नाही, हा कुठला न्याय?"

उत्तर : दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत पतसंस्था, आंबा बागायतदार, काजू कारखाने आणि मच्छीमार संस्था यांना सॉफ्टवेअर बसवून देण्याचे आणि ते शिकवण्याचे काम मी २३ वर्षे करीत आहे. तुमच्यासारखे प्रसंग या काळात इतके पाहिले आहेत की तुमचा राग मला परका वाटत नाही. तक्रार करण्याचा तुमचा हक्क मला पूर्ण मान्य आहे. माझा आक्षेप एवढाच आहे की तुम्ही निकाल आधी दिलात आणि कागदपत्रे नंतर पाहिलीत. हा क्रम उलटा झाला की सर्वांत मोठे नुकसान तक्रार करणाऱ्याचेच होते. ते कसे, हे सांगण्याआधी तुमच्या नौका कुठे गेल्या ते पाहू.

हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, ज्याला आपल्याकडे 'इन्कॉइस' म्हणून ओळखतात, संभाव्य मासेमारी क्षेत्रांची जी यादी देते तिच्यात ठिकाणे अंश, मिनिटे आणि सेकंद अशी असतात. समजा, यादीत १६ अंश ५९ मिनिटे ३० सेकंद उत्तर असे आहे. तुमच्या सॉफ्टवेअरची चौकट मात्र दशांश अंश मागते, म्हणजे मिनिटे-सेकंद वेगळे न लिहिता तेवढा भाग अंशाच्याच दशांशात लिहायचा. अशा वेळी माणूस सहजपणे १६.५९३० असा आकडा भरतो, कारण अंक तेच असतात आणि मध्ये एक टिंब पडलेले असते. परंतु एका अंशात ६० मिनिटे असल्यामुळे खरा आकडा १६.९९१७ असा होतो. या दोहोंतला फरक जवळजवळ ०.४ अंशाचा आहे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, या हिशेबाने नौका २४ सागरी मैल, म्हणजे ४४ किलोमीटरांहून थोडी अधिक, दक्षिणेला भरकटते. रत्नागिरीसमोर टाकायचे जाळे विजयदुर्गाच्या अक्षांशाजवळ पडते. ताशी ८ सागरी मैलांच्या वेगाने जाणाऱ्या नौकेचा हा एका बाजूचा तीन तासांचा प्रवास आहे, आणि त्या डिझेलचा खर्च कोणाच्या खिशातून गेला हे तुम्हाला मी सांगायला नको.

या चुकीचा एक विशेष ध्यानात घ्या. १६.५९३० हा आकडा दशांश अंश म्हणून पूर्णपणे वैध आहे. त्यामुळे सॉफ्टवेअरला तो नाकारता येत नाही आणि चूक बोलून दाखवणारा कोणताही संदेश पडद्यावर येत नाही. अशा ठिकाणी पुस्तिकेखेरीज दुसरा साक्षीदार नसतो, म्हणूनच त्या १९ व्या पानाचे महत्त्व इतर १३९ पानांपेक्षा अधिक होते.

आता उलट्या क्रमाच्या नुकसानीविषयी. हे मी स्वतःच्या अनुभवातून शिकलो आहे. २००७ च्या एप्रिलमध्ये एका पतसंस्थेच्या संगणकावर मागच्या वर्षाच्या सगळ्या नोंदी दिसेनाशा झाल्या. व्यवस्थापक घाबरले होते आणि संचालकांची सभा तोंडावर आली होती. मी त्याच संध्याकाळी एका साप्ताहिकाला पत्र लिहिले, की या हिशेबाच्या सॉफ्टवेअरने एका संस्थेचा वर्षभराचा हिशेब गिळला आहे. पत्र छापून आले. नंतर कळले की १ एप्रिलला सॉफ्टवेअरने नवे आर्थिक वर्ष उघडले होते, पडद्यावरचा कालावधी बदलला की जुन्या नोंदी जशाच्या तशा दिसत होत्या, आणि ही गोष्ट पुस्तिकेच्या दुसऱ्याच प्रकरणात लिहिलेली होती. मी खुलासा पाठवला. तो तीन आठवड्यांनी आतल्या पानावर चार ओळींत आला आणि तो वाचलेला एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही.

गोष्ट इथेच संपली असती तर मी ती सांगितली नसती. पुढच्या वर्षी, २००८ साली, २९ फेब्रुवारी होता, आणि त्याच सॉफ्टवेअरने ठेवींवरच्या व्याजात तो एक दिवस धरलाच नाही. हा खराखुरा दोष होता. पुस्तिकेत त्याचा उल्लेख नव्हता, आणि बनवणाऱ्यांना लिहिलेल्या पत्रासोबत मी हाताने केलेली आकडेमोड जोडली होती. बनवणाऱ्यांचे उत्तर एका वाक्याचे आले : कृपया आधी पुस्तिका वाचावी. माझे आधीचे पत्र त्यांच्या लक्षात होते. माझ्या दुसऱ्या पत्राकडे त्यांनी खरेच पाहिले तोवर सहा आठवडे उलटले, आणि तेवढ्या काळात संस्थेच्या दोघी कर्मचारी महिलांनी ठेवीदारांच्या पासबुकांतले व्याज एकेक करून हाताने दुरुस्त केले. पहिल्या खोट्या तक्रारीची किंमत दुसऱ्या खऱ्या तक्रारीने चुकती केली, आणि प्रत्यक्ष श्रम मात्र त्या दोघींनी केले.

नुकसान समोरच्या बाजूचेही होते. कुडाळकडच्या दोन तरुणांनी काजू कारखान्यांसाठी वजनपावतीचे एक छोटे सॉफ्टवेअर बनवले होते. एका कारखान्यात पावतीची उजवी बाजू कापली जाऊ लागली. मालकांनी इतर कारखानदारांना 'वजन लपवणारे सॉफ्टवेअर' असे सांगून टाकले. प्रत्यक्षात त्यांनी ५८ मिलिमीटर रुंदीच्या कागदाचा छपाईयंत्र आणले होते आणि सॉफ्टवेअरची जुळणी ८० मिलिमीटरवर होती. पुस्तिकेत कागदाची रुंदी निवडण्याची जागा चित्रासह दाखवलेली होती. मोठ्या कंपनीला अशी एखादी तक्रार जाणवतही नाही. दोन माणसांच्या धंद्याची त्यात एका हंगामाची कमाई जाते, आणि 'वजन लपवणारे' हा शब्द त्यांच्या नावाला कायमचा चिकटतो.

इतके सांगितल्यावर मला दुसरी बाजू तितक्याच आग्रहाने मांडली पाहिजे, कारण 'पुस्तिकेत लिहिले होते' हे वाक्य ढालीसारखे वापरणारे विक्रेतेही मी पुष्कळ पाहिले आहेत. पुस्तिकेत लिहिल्याने वाईट रचना चांगली होत नाही. एक्सेलचेच उदाहरण घ्या. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच जपते, हे त्याच्या अधिकृत मर्यादांच्या तक्त्यात नमूद आहे. म्हणून १६ अंकी खाते क्रमांक साध्या चौकटीत भरला, तर शेवटचा अंक मुकाट्याने शून्य होतो. अनुदानाच्या लाभार्थ्यांची यादी करणाऱ्या सचिवाला हे कोणी सांगितलेले नसते. चौकट आधी 'मजकूर' प्रकारची करून ठेवावी, हा उपाय पुस्तिकेत आहे. तरीही भरलेला आकडा माणसाला न विचारता बदलणे हे मला अयोग्यच वाटते, आणि त्याविषयी जाहीरपणे बोलण्यात काहीही गैर नाही.

किंबहुना, जाहीर तक्रार कशी असावी याचा मला माहीत असलेला सर्वांत चांगला नमुना याच एक्सेलच्या बाबतीतला आहे. जनुकांची काही संक्षिप्त नावे 'मार्च १', 'सेप्ट २' अशा धाटणीची होती आणि एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकत असे. २०१६ साली संशोधकांनी जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेले ३,५९७ शोधनिबंध तपासले आणि त्यांपैकी ७०४ निबंधांत, म्हणजे जवळपास पाचव्या हिश्शात, अशा चुका असल्याचे दाखवून दिले. त्यांनी कोणाला फसवे म्हटले नाही. काय भरले की काय होते आणि किती ठिकाणी झाले, हे मोजून समोर ठेवले. २०२० साली जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने ती नावेच बदलण्याचे धोरण जाहीर केले, आणि २०२३ साली मायक्रोसॉफ्टने हे आपोआप होणारे रूपांतर बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये दिली. चौकटीचा प्रकार बदलण्याचा उपाय या संशोधकांना ठाऊक होता. तो ठाऊक असूनही तक्रार उरते, हे त्यांना दाखवता आले, आणि 'आधी पुस्तिका वाचा' असे त्यांना कोणी म्हणू शकले नाही. जाणत्या तक्रारीचे बळ ते हेच.

योग्य वापराच्या सूचना हा मालाचाच भाग असतो, हे आपल्या कायद्यानेही मानले आहे. अपाय टाळण्यासाठी लागणाऱ्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराविषयीचा इशारा वस्तूसोबत नसेल, तर उत्पादक जबाबदार धरला जाऊ शकतो, असे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या ८४ व्या कलमात आहे. वस्तूंना लागू असलेला हा विचार सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी स्वतःहून स्वतःला लावून घ्यावा असे मी प्रत्येक विक्रेत्याला सांगतो. ज्या नौकेवर तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, आणि खलाशी मराठी बोलतात, तिच्यासाठी १४० पानांची इंग्रजी पुस्तिका देऊन कर्तव्य पुरे झाले असे समजणे मला मान्य नाही. तुमच्या प्रश्नातला हा भाग शंभर टक्के खरा आहे. म्हणून खरेदीच्या वेळीच, पैसे देण्याआधी, रोजच्या कामापुरती चार पानांची मराठी पुस्तिका मागावी आणि ती अट मागणीपत्रात लिहावी. मी गेली कित्येक वर्षे हे करवून घेतो. बहुतेक विक्रेते तयार होतात, कारण त्यांचाही फोनवर समजावण्याचा वेळ वाचतो.

पण १४० पाने वाचावीत असे मी तुम्हाला म्हणतच नाही. मीही एका बैठकीत सगळी पुस्तिका वाचत नाही. तक्रारीच्या आधी मी साधारण एक तास काढतो आणि तो ठरावीक जागी घालवतो. पहिल्यांदा अनुक्रमणिका पाहून, मी जी माहिती भरतो आहे ती कोणत्या स्वरूपात मागितली आहे, तेवढे प्रकरण वाचतो. एकक, तारीख आणि दशांश या तीन गोष्टींत निम्म्याहून अधिक भानगडी असतात. आंब्याच्या हंगामात 'साठा जुळत नाही' म्हणून येणारे फोन बहुधा पेटी आणि डझन यांचे नाते न भरल्याचे असतात, कारण चार डझनांची पेटी आणि पाच डझनांची पेटी सॉफ्टवेअरला आपणहून कळत नाही, आणि मग वाशीहून आलेली दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, कधीच जुळत नाही. त्यानंतर मर्यादा आणि माहीत असलेले दोष यांचे पान शोधतो. चांगल्या पुस्तिकेत ते असते. १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या त्यांच्या संगणकप्रणालीची पहिली पुस्तिका काढली, तेव्हा आज्ञांच्या पानांवर 'बग्ज', म्हणजे दोष, असे एक सदरच ठेवले होते. स्वतःचे दोष स्वतः छापणाऱ्या पुस्तिकेवर माझा विश्वास बसतो. शेवटी, पडद्यावर एखादा संदेश आला असेल तर तो शब्दशः पुस्तिकेत शोधतो. पुस्तिका पीडीएफ असेल तर या शोधाला मिनिटही लागत नाही, आणि इंग्रजीची अडचण असेल तर गावातला महाविद्यालयात शिकणारा मुलगा किंवा मुलगी तेवढे एक पान आनंदाने वाचून दाखवते.

समुद्राशी संबंधित सॉफ्टवेअरमध्ये याखेरीज एक गोष्ट पाहावी : आकडा कशापासून मोजला आहे. भरती-ओहोटीचे सॉफ्टवेअर ओहोटीला ०.४ मीटर दाखवते आणि तांडेल सांगतो की खाडीच्या तोंडाशी त्या वेळी वावभर तरी पाणी असते. दोघेही बरोबर असतात. तक्त्यातली उंची समुद्राच्या तळापासून मोजलेली नसते; सागरी नकाशावरच्या खोल्या ज्या नीच पातळीपासून मोजतात तिच्या वरची ती उंची असते, आणि नकाशावरची खोली तिच्यात मिळवावी लागते. त्याचप्रमाणे पावसाळी बंदीच्या काळात इन्कॉइसची मासेमारी क्षेत्रांची यादी येत नाही. 'जूनपासून सॉफ्टवेअर बंद पडले' ही तक्रार मी दरवर्षी ऐकतो.

वाचून झाल्यावर तक्रार संपतेच असे नाही. पुष्कळदा ती तिथून खरी सुरू होते. एका संस्थेने सभासदांची नोंदवही मराठीत करायला घेतली आणि 'या सॉफ्टवेअरला कुऱ्हाडे हे साधे आडनाव लिहिता येत नाही, हा मराठीचा अपमान आहे' असे निवेदन काढले. त्याला भरपूर पाठिंबा मिळाला. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून 'जे' दाबले की ऱ उमटतो, त्याला 'डी'ने पाय मोडून पुढचे अक्षर लिहिले की काम होते, आणि पुस्तिकेतल्या कळफलकाच्या चित्रात हे दाखवलेले होते. निवेदन तिथेच विरले. पण मी ती नोंदवही चाळली, तेव्हा काही सभासद दोनदा नोंदवलेले सापडले. कारण असे की हे अर्धे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, दोन प्रकारे साठवता येते : एकदा ऱ या स्वतंत्र अक्षराचा पाय मोडून, आणि एकदा साध्या र चा पाय मोडून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. सॉफ्टवेअरचा शोध मात्र त्यांना वेगळे मानत होता, म्हणून जुने नाव सापडत नव्हते आणि कर्मचारी नवे खाते उघडत होते. हा दोष पुस्तिकेत नव्हता आणि तो मराठी सभासदांनाच भोवत होता. मराठीचा कैवार घेऊन मांडावी अशी तक्रार खरोखर ही होती, आणि पहिल्या निवेदनाच्या गोंगाटात ती कोणाला दिसलीच नाही. आम्ही ती दोन नावांच्या नमुन्यासह कळवली, आणि पुढच्या आवृत्तीत शोध दुरुस्त होऊन आला.

कधीकधी मात्र वाचत बसायला वेळ नसतो, हेही मी मान्य करतो. नौका चुकीच्या दिशेने जात असतील किंवा पैसे भलत्या खात्यात जमा होत असतील, तर सर्वांना तत्काळ कळवणे हे सचिवाचे कर्तव्यच आहे. पण तेव्हा इशारा द्यावा, निकाल देऊ नये. 'आमच्या दोन नौकांना ठिकाणे चुकीची मिळाली आहेत, कारण शोधत आहोत, तोवर जुन्या जीपीएस यंत्रावर पडताळून पाहा' असे तुम्ही लिहिले असते, तर इतर संस्थांच्या नौका तेवढ्याच वाचल्या असत्या आणि आज तुमच्या हातून मागे घेण्यासारखे काही झाले नसते. 'फसवे' या शब्दात समोरच्याचा हेतू गृहीत धरला जातो, आणि हेतूचा पुरावा तुमच्याकडे कधीच नव्हता.

आता पुढे काय करावे ते सांगतो. जिथे जिथे पहिले लिहिले तिथे तिथे, त्याच साप्ताहिकासह, खुलासा पाठवा, आणि तो माफीनाम्यापुरता ठेवू नका. इतरांच्या उपयोगाचे काहीतरी त्यात असू द्या. मी असा मजकूर सुचवतो : "आमच्या नौकांची ठिकाणे चुकण्याचे कारण सापडले आहे. यादीतली ठिकाणे अंश-मिनिटे-सेकंदांत असतात आणि सॉफ्टवेअर दशांश अंश मागते. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून ती बेरीज अंशात मिळवावी. सॉफ्टवेअर फसवे आहे हे माझे म्हणणे मी मागे घेतो." याने सभासदांचा रोष किती निवळेल हे मी सांगू शकत नाही, पण दुसऱ्या एखाद्या संस्थेची नौका विजयदुर्गाकडे जाणार असेल तर ती नक्की थांबेल.

आणि दुसरे पत्र बनवणाऱ्यांना लिहा. त्यात सॉफ्टवेअरची आवृत्ती, फोनचा प्रकार, तुम्ही भरलेला आकडा, अपेक्षित ठिकाण, दिसलेले ठिकाण आणि पुस्तिकेच्या १९ व्या पानाचा उल्लेख असू द्या. मग मागणी करा की ठिकाण भरण्याच्या चौकटीशेजारीच 'दशांश अंश' असे मराठीत लिहावे, अंश-मिनिटे-सेकंदांच्या तीन वेगळ्या चौकटींचा पर्याय द्यावा, आणि भरलेला बिंदू नोंदवण्याआधी बंदरापासून किती मैलांवर आणि कोणत्या दिशेला आहे ते दाखवावे. तो आकडा पाहिला की कोणताही तांडेल चूक ओळखेल, त्याला पुस्तिका लागणार नाही. ही तक्रार रास्त आहे, आणि ती करताना तुम्ही जाहीरपणे माझे नाव घेतलेत तरी माझी हरकत नाही. नौका अजून किनाऱ्यावर शाकारलेल्या आहेत. नारळी पौर्णिमेच्या आत उत्तर आले नाही तर मला कळवा. मी संस्थेत येऊन तांडेलांना एका दुपारी हे रूपांतर शिकवीन, आणि भिंतीवर लावायला तक्ता सोबत आणीन.